एसटी स्टँडची चौकशी खिडकी: गाडी पास, खिडकी नापास

लांबच्या गावाला निघालेल्या माणसाला एसटी स्थानकावर तीन गोष्टी कळायला हव्या असतात. गाडी किती वाजता आहे, कुठल्या फलाटाला लागेल आणि उशीर असेल तर किती. बाकडी मोडकी असली, पंखा फिरत नसला, चहा पाणचट असला तरी माणूस चालवून घेतो. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत की मात्र चांगल्या गाडीचाही प्रवास बिघडतो. राज्यातल्या बहुतेक मोठ्या स्थानकांवर आज ती मिळत नाहीत. साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत गाड्यांबद्दल स्वतंत्रपणे बोलता येईल आणि त्यात कौतुकही बरंच असेल. हे परीक्षण फक्त स्थानकावरच्या सेवेचं आहे.

खिडकीपासूनच सुरुवात करू. काचेला खाली अर्धगोल भोक, तेही अशा उंचीवर की बोलायला कमरेत वाकावं लागतं. आत टेबलावर नोंदवही, फोन, माईक आणि एकच माणूस. हा वाहतूक नियंत्रक, म्हणजे आपल्या बोलीतला कंट्रोलर. बाजूच्या दारातून वाहक सतत आत डोकावत असतात, कारण प्रत्येक गाडीची आल्याची आणि गेल्याची नोंद त्याच्याकडे करावी लागते. ड्रायव्हर आला नाही, टायर बसलाय, अमुक फेरीला गाडीच नाही, असे आगाराचे फोन त्यालाच घ्यावे लागतात. माईकवरून पुकाराही बऱ्याच ठिकाणी तोच करतो. या सगळ्यातून वेळ उरला तर चौकशी. त्यामुळे प्रवाशाने "पंढरपूर गाडी कधी?" असं विचारलं की मान वर न करता ठरलेल्या तीनांपैकी एक उत्तर येतं: "येईल", "लागेल" किंवा "बघा तिकडं फलाटावर". चौथं उत्तर म्हणजे हनुवटीने दाखवलेली दिशा.

आतला माणूस उद्धट आहे म्हणून हे होतं, असं प्रवाशांना वाटतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण मूळ दोष कामाच्या वाटणीत आहे. नोंदी ठेवणारा आणि प्रवाशांना उत्तर देणारा माणूस एकच असला की गर्दीच्या वेळी दुसरं काम मागे पडणारच, कारण नोंद चुकली तर त्याला वरून विचारणा होते आणि प्रवाशाला उत्तर दिलं नाही तर कुणी विचारत नाही. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात नुसत्या चौकशीसाठी एक जादा माणूस बसवला तरी निम्म्या कटकटी संपतील.

दुसरा दोष जास्त खोल आहे आणि तो प्रवाशाला माहीत असला तर बराच मनस्ताप वाचतो. स्थानकाला खात्रीची माहिती असते ती त्याच आगारातून सुटणाऱ्या गाड्यांची. बाहेरून येऊन पुढे जाणाऱ्या गाडीबद्दल कंट्रोलरकडे वेळापत्रकातला आकडा असतो, गाडी त्या क्षणी कुठे आहे हे नसतं. कऱ्हाडचं उदाहरण घ्या. तिथून पुण्याला जायला कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा कितीतरी ठिकाणच्या गाड्या मिळतात. कोल्हापूरहून निघालेली गाडी महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात अडकली तर कऱ्हाडच्या खिडकीला ते ती दारात आल्यावरच कळतं. मागच्या स्थानकाला फोन लावून "गाडी निघाली का" एवढं विचारणं शक्य असतं. ते क्वचित केलं जातं.

म्हणून खिडकीवर प्रश्न कसा विचारायचा, याला महत्त्व आहे. "पुण्याची गाडी कधी?" या प्रश्नाला "येईल" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी "पुण्याची पुढची गाडी कुठल्या आगाराची आणि ती सुटते कुठून?" असं विचारा. स्थानिक आगाराची असेल तर ती आवारातच कुठेतरी उभी असते आणि चालक-वाहक आलेत का एवढाच प्रश्न उरतो. बाहेरची असेल तर छापील वेळेत अर्धा तास सहज मिळवायचा. गाडी आली की पाटी तर वाचाच, शिवाय गाडीच्या अंगावर रंगवलेलं आगाराचं नावही बघा. पाटी बदलायची राहून गेलेली गाडी ही नेहमीची गोष्ट आहे. पुण्याहून आलेली गाडी "पुणे" हीच पाटी मिरवत उभी असते आणि निम्मी माणसं तिच्यात चढून बसलेली असतात. पाटीवरचा "मार्गे" हा शब्दही सोडू नका. एकाच गावाला दोन वाटांनी जाणाऱ्या गाड्यांमध्ये तासा-दोन तासांचा फरक पडतो, आणि भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजलं जात असल्याने लांबच्या वाटेचं तिकीटही जास्त बसतं.

आता वेळापत्रकाचा फलक. भिंतीवर भलामोठा रंगवलेला असतो, काही ओळींवर पांढरा पट्टा मारून मार्करने नवी वेळ लिहिलेली असते आणि काही ओळी वर्षानुवर्षं बंद असलेल्या फेऱ्यांच्या असतात. कोविडच्या आधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. पुढे जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत आणि ताफा १५ हजारांच्या आसपास आला. मधे २०२१-२२ चा दीर्घ संप झाला. या काळात कितीतरी फेऱ्या गळाल्या, फलकावरून मात्र गळाल्या नाहीत. टीव्हीसारखे पडदे लावलेल्या स्थानकांतही तो पडदा चालू आहे का आणि त्यावरची तारीख आजची आहे का, हे आधी बघून घ्यावं लागतं.

फेरी रद्द झाली तर ते सांगितलं जात नाही, ही या सेवेतली सगळ्यात मोठी खोट. गाडी नादुरुस्त होणं, चालक किंवा वाहक हजर नसणं ही रोजची कारणं. त्याशिवाय काही कारणं हंगामी असतात आणि प्रवाशाला त्यांचा आधीच अंदाज बांधता येतो. आषाढीला पंढरपूरकडे आणि गणपतीत कोकणाकडे जादा गाड्या सोडतात तेव्हा त्या राज्यभरातल्या आगारांतून काढलेल्या असतात, म्हणून त्या दिवसांत भलत्याच जिल्ह्यातल्या नेहमीच्या फेऱ्या तुटतात. लग्नसराईत आणि सहलींच्या मोसमात गाड्या प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्ख्या भाड्याने जातात. मोठी राजकीय सभा असेल तर एकेका आगारातून कितीतरी गाड्या एकदम उठतात. हे सगळं आगाराला आदल्या दिवशी माहीत असतं. एका कागदावर "उद्या रद्द फेऱ्या" असं लिहून खिडकीच्या काचेला चिकटवायला काहीच खर्च नाही. तेवढंही होत नाही आणि माणसं दोन-दोन तास फलाटावर ताटकळतात. सगळ्यात जास्त हाल शेवटच्या, मुक्कामी गाडीच्या प्रवाशांचे. ती गेली किंवा रद्द झाली की खेड्यातल्या माणसाला पहाटेपर्यंत दुसरी सोय नसते. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जायचं असेल तर "आज मुक्कामी गाडीवर ड्युटी लागलीय का?" हा प्रश्न दुपारीच विचारून ठेवावा. "गाडी आहे का?" याला होकार मिळतो. ड्युटी विचारली की कंट्रोलरला कागद बघून उत्तर द्यावं लागतं.

महामार्गालगतच्या गावांत आणखी एक प्रकार चालतो. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या स्थानकात न शिरता बायपासने तशाच पुढे निघून जातात. आत माणसं वाट बघत बसलेली असतात, कुणाकुणाचं तर आरक्षण असतं. नियम स्पष्ट आहे: जिथे अधिकृत थांबा आहे त्या स्थानकात गाडी आली पाहिजे आणि वाहकाने नोंद केली पाहिजे. याचा प्रवाशाला फायदा करून घेता येतो. गाडीची वेळ उलटून गेली की कंट्रोलरला एवढंच विचारायचं, "या गाडीची आजची नोंद झाली का?" नोंद नसेल तर गाडी मागे तरी आहे किंवा बाहेरून गेली तरी. बाहेरून गेली असेल तर ही तक्रार सिद्ध करायला सर्वात सोपी. नोंदवहीतली रिकामी जागा हाच पुरावा आणि तो कुणाला नाकारता येत नाही.

पुकाऱ्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. "फलाट क्रमांक…" इथपर्यंत ऐकू येतं आणि आकडा नेमका घरघरीत बुडतो. पुकाऱ्यांच्या मधे जाहिराती जोरात आणि स्पष्ट वाजतात, म्हणजे यंत्रणा चांगली आहे हे सिद्ध होतं.

आरक्षणाचं काम आता मोबाईलवर होतं आणि ते बऱ्यापैकी नीट चालतं. २०२५ च्या जुलैपासून दीडशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केल्यास पूर्ण तिकिटावर १५ टक्के सवलतही सुरू झाली. सवलतीच्या प्रवाशांनी मात्र जपून करावं. महिलांची ५० टक्के सवलत (मार्च २०२३ पासून) आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास (ऑगस्ट २०२२ पासून) यांसाठी आरक्षण करतानाच योग्य प्रकार निवडावा लागतो. आधी पूर्ण तिकीट काढलं आणि मग खिडकीवर जाऊन फरक परत मागितला, तर तो मिळत नाही आणि वर चार शब्द ऐकावे लागतात. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. बेळगाव किंवा पणजीला निघालेल्या बाईला हद्दीपुढचं पूर्ण भाडं पडतं. हे खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही, वाद थेट गाडीत होतो. फलाटावर कर्नाटकची किंवा गोव्याच्या कदंब महामंडळाची गाडी उभी असेल तर तिची चौकशी एसटीच्या खिडकीवर करण्यात अर्थ नाही. त्यांची माहिती त्यांच्याच माणसाकडे मिळते.

आरक्षणाची खरी अडचण शहरात एकाहून जास्त स्थानकं असली की सुरू होते. पुण्यात सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूच्या गाड्या मुख्यतः स्वारगेटहून आणि नाशिक, नगर, संभाजीनगर, मराठवाडा, विदर्भाकडच्या शिवाजीनगरहून. त्यातही शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, नाव मात्र शिवाजीनगर असंच चालू राहिलं. बाहेरगावचा माणूस तिकिटावरचं नाव वाचून जुन्या जागी रिक्षाने जातो आणि तिथून पुन्हा दुसरी रिक्षा. नाशिकला महामार्ग स्थानक वेगळं, ठक्कर बाजार वेगळं. संभाजीनगरला मध्यवर्ती आणि सिडको. मुंबईत तर मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ल्याचं नेहरूनगर, बोरिवली अशी रांगच आहे आणि एकच गाडी यांतल्या दोन-तीन ठिकाणी थांबते. तिकिटावर चढण्याचं ठिकाण बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते निघण्याआधी नीट वाचावं. गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याची वेळ आणि तुमच्या थांब्याची वेळ या दोन वेगळ्या असतात, हेही तिथेच कळतं.

खिडकीने माहिती न देण्याचा प्रश्न नुसत्या गैरसोयीपुरता राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाहीत पहाटे एका तरुणीवर बलात्कार झाला. तुमची गाडी इथे नाही, तिकडे उभी आहे, असं सांगून आरोपीने तिला त्या गाडीपर्यंत नेलं, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. त्यानंतर सुरक्षा रक्षक, कॅमेरे, आवारातल्या भंगार गाड्या हलवणं यांवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. चौकशी खिडकीबद्दल कमी बोललं गेलं. पहाटेच्या वेळी कुठली गाडी कुठे लागणार हे फलाटावर ठळक लिहिलेलं असेल आणि सांगायला गणवेशातला माणूस समोर असेल, तर अनोळखी माणसाच्या सांगण्यावर कुणाला जावं लागत नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात एकट्या प्रवाशाने साध्या कपड्यातल्या कुणाचंही ऐकून फलाट सोडू नये. गाडी खरंच दुसरीकडे लागली असेल तर कंट्रोलरच्या केबिनमधून खात्री करून मगच हलावं.

सोयींकडे वळू. मे २०२३ पासून स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान सुरू आहे. त्यामुळे रंग, कुंड्या, भिंतीवरची चित्रं यांत बऱ्याच ठिकाणी फरक पडला, हे मान्य करायला हवं. स्वच्छतागृहांचं मात्र तसंच. दारावर "मूत्रालय विनामूल्य" अशी पाटी आणि पाटीखाली टेबल टाकून बसलेला माणूस बायकांकडून पाच रुपये घेणार. पुरुष फुकट जातात, बायकांनी विचारलं की "सगळे देतात" हे उत्तर. पाटीकडे बोट दाखवून पावती मागितली की बहुतेक वेळा पैसे मागणं थांबतं. तान्ह्या बाळांच्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतो. तो असतो आणि त्याला कुलूपही असतं. किल्ली कंट्रोलरकडे मागायची. ती मागायची असते हे लिहिलेलं कुठेच नसतं. पाण्याचं म्हणाल तर महामंडळाची नाथजल ही बाटली स्थानकांवर मिळायला हवी, एक लिटर १५ रुपयांत अशी ती २०२० मध्ये आली. स्टॉलवाला आधी दुसऱ्याच कंपनीची बाटली पुढे करतो किंवा "थंड करायचे" म्हणून वर पाच रुपये मागतो. छापील किंमत वाचून तेवढेच पैसे द्यावेत.

सगळंच वाईट आहे असं नाही, आणि चांगलं कसं होतं याचं उत्तर एसटीकडेच आहे. स्वारगेट-सातारा यांसारख्या मार्गांवरच्या विनावाहक, विनाथांबा गाड्या बघा. फलाटाशेजारी तिकिटाचं छोटं बूथ, प्रवाशांची रांग, तिकीट घेऊनच गाडीत बसायचं, गाडी भरली की निघाली. रुमाल टाकून जागा धरणं नाही, खिडकीतून पोर आत ढकलणं नाही, "गाडी कधी" हा प्रश्नच नाही. चालक तेच, आगार तेच. फरक एवढाच की तिथे माहिती देणारा माणूस प्रवासी उभे असतात त्याच जागी बसतो. ही पद्धत लांब पल्ल्याच्या प्रत्येक फलाटाला लावता येणार नाही, पण मोठ्या स्थानकांवर दिशेप्रमाणे एकेक बूथ देणं अवघड नाही.

वाटेत गाडी बंद पडली तर स्थानकाच्या खिडकीशी हुज्जत घालण्यापेक्षा वाहकाला धरावं. अशा वेळी मागून येणाऱ्या एसटीच्या कुठल्याही गाडीत, अगदी वरच्या दर्जाच्या गाडीतही, फरकाचे पैसे न घेता बसवून द्यायचं असतं. त्यासाठी तिकीट हातात हवं. मशीनमधून निघालेला तो कागद चुरगळून फेकण्याची सवय इथे महागात पडते.

शेवटी तक्रार. स्थानकावर तक्रार पुस्तक असतं आणि मागणाऱ्याला ते द्यावं लागतं. "साहेब जेवायला गेलेत", "कपाटाला कुलूप आहे" ही ठरलेली उत्तरं. अशा वेळी आवाज न चढवता स्थानकप्रमुख किंवा आगार व्यवस्थापक यांची खोली विचारावी. पुस्तक मिळाल्यावर "सेवा अत्यंत वाईट आहे, लाज वाटली पाहिजे" असं लिहून काही होत नाही. तक्रार चालते ती तपशिलावर: तारीख, वेळ, फेरी कुठून कुठे, छापील वेळ काय होती, गाडी क्रमांक किंवा आगार, वाहकाशी संबंधित असेल तर त्याच्या बिल्ल्याचा क्रमांक, तिकिटाचा क्रमांक आणि नेमकं काय झालं ते दोन ओळींत. एका तक्रारीत एकच मुद्दा. फेरी रद्द, स्वच्छतागृहाचे पैसे आणि कंट्रोलरचं बोलणं हे तिन्ही एकत्र लिहिलं तर उत्तर सर्वात सोप्या मुद्द्याचं येतं. लिहिलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तात्काळ अडचणीला १८०० २२ १२५० हा महामंडळाचा निःशुल्क क्रमांक आहे. तिथेही गाडी आत्ता कुठे आहे हे कळेलच असं नाही, पण तक्रार नोंदवून क्रमांक घेता येतो. त्याहून जास्त उपयोग होतो तो प्रवासी राजा दिनाचा. जुलै २०२४ पासून विभाग नियंत्रकांनी ठरलेल्या दिवशी आगारात बसून प्रवाशांच्या तक्रारी ऐकायच्या, अशी ही योजना आहे. आपल्या आगारात तो कधी आहे हे सूचना फलकावर असतं, नसेल तर आगार व्यवस्थापकाच्या कार्यालयात विचारावं. रोज त्याच गाडीने जाणारे दहा-बारा प्रवासी सह्यांचा अर्ज, रद्द झालेल्या फेऱ्यांच्या तारखा आणि पुस्तकातल्या पानांचे फोटो घेऊन तिथे गेले, तर विभाग नियंत्रकासमोरच आगार व्यवस्थापकाला त्या तारखांच्या नोंदी काढायला लावता येतात.